घटक राज्यांचा मतभार

घटक राज्यांचा मतभार : संघराज्यात किंवा राज्यांच्या संयुक्त मंडळात कमीअधिक लोकसंख्येच्या सभासद राज्यांच्या मतांना दिले जाणारे सापेक्ष वजन. हे वजन जागांच्या संख्येने, प्रत्येक मतास दिलेल्या मूल्याने किंवा निर्णयासाठी आवश्यक ठरविलेल्या बहुमताच्या अटींनी निश्चित होते. त्यामागे समतेची दोन भिन्न तत्त्वे आहेत. सर्व नागरिक समान मानले, तर मोठ्या राज्याला लोकसंख्येच्या प्रमाणात अधिक मते मिळावयास हवीत; सर्व राज्ये समान मानली, तर प्रत्येकास एकच मत मिळावयास हवे. राज्यांच्या लोकसंख्येत मोठी तफावत असेल, तर ही दोन्ही तत्त्वे एकाच मतदानात पूर्णांशाने पाळता येत नाहीत. म्हणून प्रत्यक्षात आढळणाऱ्या बहुतेक पद्धती तडजोडीच्या आहेत. कोणत्याही पद्धतीचे स्वरूप समजण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : कोणत्या वर्षाची शिरगणती आधारभूत धरली आहे, मोजलेल्या लोकांच्या वतीने मत कोण देतो आणि निर्णयासाठी किती बहुमत लागते. भारतातील या प्रश्नाचा इतिहास आणि त्यातील विसंगती महाराष्ट्राच्या, विशेषतः सोलापूर जिल्ह्याच्या, उदाहरणावरून स्पष्टपणे ध्यानात येतात.

परदेशांतील प्रमुख नमुने : अमेरिकेच्या संविधान परिषदेत (फिलाडेल्फिया, १७८७) लहान राज्यांनी समान प्रतिनिधित्वाचा, तर मोठ्या राज्यांनी लोकसंख्येनुसार प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला. अखेरीस सीनेटमध्ये प्रत्येक राज्यास दोन जागा व प्रतिनिधिगृहात लोकसंख्येनुसार जागा अशी तडजोड झाली. तथापि प्रतिनिधिगृहासाठी लोकसंख्या मोजताना गुलामांची गणना तीन-पंचमांश धरण्यात आली. गुलामांना मताधिकार नव्हता. त्यांच्या संख्येमुळे वाढलेले वजन त्यांच्या मालकांच्या राज्यांस मिळाले. माणसे मोजणे आणि माणसांना मत देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या तरतुदीने उघड केले. जर्मन संघराज्याच्या ‘बुंडेसराट’ या सभागृहात प्रत्येक राज्यास किमान तीन मते आहेत. लोकसंख्या वीस लाखांहून अधिक असल्यास चार, साठ लाखांहून अधिक असल्यास पाच व सत्तर लाखांहून अधिक असल्यास सहा मते मिळतात. राज्याची सर्व मते एकगठ्ठा द्यावी लागतात.

संस्थानी काळ : भारतात हा प्रश्न प्रथम देशी संस्थानांच्या संदर्भात उद्‌भवला. १९२१ साली स्थापन झालेल्या नरेंद्र मंडळात १०८ संस्थानिकांना स्वतःच्या अधिकाराने जागा होत्या, तर १२७ लहान संस्थानांनी मिळून केवळ १२ प्रतिनिधी पाठवावयाचे होते. मोठ्या संस्थानांना या मंडळाचे फारसे आकर्षण वाटले नाही. हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने त्यापासून अलिप्तच राहिली. लक्षावधी प्रजेच्या संस्थानिकाचे आणि त्याच्या मानाने लहान संस्थानाच्या अधिपतीचे मत तेथे सारखेच धरले जात होते.

१९३५ च्या भारत सरकार अधिनियमाने प्रांत व संस्थाने यांच्या संघराज्याची योजना मांडली. तीत राज्यपरिषदेच्या २६० जागांपैकी १०४ आणि संघीय विधिमंडळाच्या ३७५ जागांपैकी १२५ जागा संस्थानांसाठी राखल्या होत्या. १९३१ च्या जनगणनेनुसार संस्थानांची प्रजा देशाच्या लोकसंख्येच्या एक-चतुर्थांशाहून कमी होती. तिच्या नावे वरिष्ठ सभागृहात दोन-पंचमांश, तर कनिष्ठ सभागृहात एक-तृतीयांश वजन देण्यात आले. सोलापूर जिल्ह्याच्या पूर्व सीमेस भिडलेल्या हैदराबाद संस्थानास या दोन सभागृहांत अनुक्रमे ५ व १६ जागा होत्या. म्हैसूरला ३ व ७, तर बडोद्यास ३ व ३. अक्कलकोटसारख्या लहान दक्षिणी संस्थानांचे मात्र गट पाडून, गटातील अनेक संस्थानांनी मिळून एखादी जागा घ्यावी अशी व्यवस्था होती.

या योजनेतील खरा वाद जागांच्या संख्येपुरता नव्हता. संस्थानांच्या जागा प्रजेच्या संख्येचा आधार घेऊन ठरविल्या, तरी त्या भरण्याचा अधिकार संस्थानिकांकडे होता. औंधसारख्या संस्थानाने १९३९ मध्ये प्रजेस जबाबदार राज्यपद्धती दिली. पण असे उदाहरण विरळाच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत दिलेल्या व्याख्यानात या संघराज्य योजनेची कठोर चिकित्सा केली. लोकनियुक्त प्रतिनिधींच्या शेजारी संस्थानिकांचे नियुक्त प्रतिनिधी बसविणारे संघराज्य स्वातंत्र्याच्या मार्गात अडसर ठरेल, असे त्यांचे प्रतिपादन होते.

संघराज्य केव्हा अस्तित्वात यावे, यासाठी अधिनियमाने दुहेरी अट घातली होती. संस्थानांच्या एकूण प्रजेपैकी निम्म्या प्रजेचे अधिपती सामील व्हावयास हवे होते. शिवाय सामील झालेल्या संस्थानांना राज्यपरिषदेतील किमान ५२ जागांचा हक्क असावयास हवा होता. लोकसंख्या व जागा या दोन्ही मापांनी बहुमत मागणारी ही अट पूर्ण झाली नाही व संघराज्याची योजना कागदावरच राहिली. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील बहुतेक संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. अक्कलकोट सोलापूर जिल्ह्यात समाविष्ट झाले आणि तेथील रहिवासी संस्थानाच्या प्रजेऐवजी प्रांताचे नागरिक म्हणून मोजले जाऊ लागले.

संविधान सभा व राज्यसभा : त्रिमंत्री योजनेने (१९४६) संविधान सभेसाठी दहा लाख लोकसंख्येमागे सुमारे एक प्रतिनिधी हे प्रमाण घेतले. त्यानुसार ३८९ जागांपैकी ९३ जागा संस्थानांच्या वाट्यास आल्या. १९३५ च्या योजनेत संस्थानांना मिळालेले अतिरिक्त वजन येथे नाहीसे झाले. संविधान सभेत वरिष्ठ सभागृहाच्या रचनेचा विचार होत असताना अमेरिकेप्रमाणे सर्व घटकांना समान जागा देण्याचा पर्यायही पुढे आला होता. तो स्वीकारला गेला नाही. पहिल्या पन्नास लाख लोकसंख्येपर्यंत दर दहा लाखांस एक व त्यापुढे दर वीस लाखांस एक जागा हे सूत्र राज्यसभेच्या जागावाटपाचा आधार ठरले. या सूत्राने लोकसंख्या वाढेल तशा जागा वाढतात, पण त्याच वेगाने वाढत नाहीत. महाराष्ट्राच्या आजच्या सीमांतील १९५१ ची लोकसंख्या सु. ३ कोटी २० लक्ष होती. पहिल्या पन्नास लाखांच्या पाच व उरलेल्या दोन कोटी सत्तर लाखांच्या साडेतेरा मिळून हिशेब साडेअठरा येतो. राज्यास १९६० मध्ये १९ जागा मिळाल्या.

भारतीय राज्यांतील विषमतेवर केवळ मतभार बदलून उपाय होणार नाही, असे मानणारा एक विचारप्रवाह १९५५ च्या सुमारास पुढे आला. राज्य पुनर्रचना आयोगाचे सदस्य सरदार का. मा. पणिक्कर यांनी उत्तर प्रदेशाच्या विभाजनाचा पुरस्कार करणारी स्वतंत्र टिप्पणी जोडली. डॉ. आंबेडकरांनी त्याच वर्षी भाषिक राज्यांवरील पुस्तिकेत उत्तर प्रदेशाची तीन, बिहार व मध्य प्रदेशाची प्रत्येकी दोन आणि महाराष्ट्राची चार राज्ये करावीत असे सुचविले. एकभाषी राज्य हवे, पण एका भाषेचे एकच राज्य असण्याची गरज नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. वजनाचे माप बदलण्याऐवजी वजन करावयाच्या वस्तूच जवळपास समान कराव्यात, असे या भूमिकेचे सार सांगता येईल. महाराष्ट्रात संयुक्त राज्याच्या मागणीपुढे ही सूचना मागे पडली.

राष्ट्रपतींची निवडणूक : भारतात मताला प्रत्यक्ष वजन देण्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आढळते (अनुच्छेद ५५). राज्याच्या लोकसंख्येस विधानसभेच्या निर्वाचित सभासदांच्या संख्येने भागतात. भागाकारात हजाराचे जितके पट येतील, तितकी मते प्रत्येक आमदारास मिळतात. बाकी पाचशेहून कमी नसल्यास एक मत अधिक धरतात. सर्व आमदारांच्या मतांची बेरीज करून तिला संसदेच्या निर्वाचित सभासदांच्या संख्येने भागले म्हणजे एका खासदाराचे मतमूल्य मिळते. त्यामुळे सर्व राज्यांचे एकत्रित वजन आणि संसदेचे वजन जवळजवळ समान राहते. २०२२ च्या निवडणुकीत आमदारांची एकूण मते ५,४३,२३१ व खासदारांची ५,४३,२०० होती. खासदाराचे मतमूल्य ७०० होते. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत असे मूल्य नसते. केवळ खासदार मतदान करतात व प्रत्येकाचे मत एकच धरले जाते. सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांनी २००२ मध्ये लढविलेल्या उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत भैरोसिंह शेखावत यांना ४५४ व शिंदे यांना ३०५ मते मिळाली, ती अशी साधी मते होत.

महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ व विधानसभेच्या जागा २८८ असल्याने येथील आमदाराचे मतमूल्य १७५ येते आणि राज्याची एकूण मते ५०,४०० होतात. उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे मूल्य २०८, गोव्याच्या आमदाराचे २० व सिक्कीमच्या आमदाराचे ७ आहे. आमदारांच्या मूल्यांतील ही तफावत नागरिकांतील विषमता नव्हे. गोव्यात चाळीस आमदार थोड्या लोकांचे प्रतिनिधित्व करतात, एवढाच तिचा अर्थ आहे. मतमूल्याच्या योजनेने त्या तफावतीची भरपाई होते.

१९७१ च्या आकड्यांची गोठवण : हे मूल्य आजही १९७१ च्या शिरगणतीवर का आधारलेले आहे, याचे उत्तर बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत (१९७६) मिळते. लोकसंख्यावाढ रोखणाऱ्या राज्यांचे राजकीय वजन घटू नये, म्हणून लोकसभेतील राज्यवार जागा व राष्ट्रपतींच्या निवडणुकीतील लोकसंख्या १९७१ च्या आकड्यांवर स्थिर करण्यात आली. चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने (२००१) ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढविली. २०११ ची लोकसंख्या घेतली असती, तर आमदाराचे मतमूल्य केरळमध्ये १५२ वरून २३९, महाराष्ट्रात १७५ वरून ३९० व राजस्थानात १२९ वरून ३४३ झाले असते. केरळची वाढ दीडपटीच्या किंचित वर, महाराष्ट्राची सव्वादोन पटींच्या जवळ आणि राजस्थानची अडीच पटींहून अधिक भरते. महाराष्ट्राचा देशाच्या लोकसंख्येतील वाटा १९७१ मध्ये सु. ९·२ टक्के व २०११ मध्ये सु. ९·३ टक्के होता. म्हणजे उत्तर व दक्षिण यांच्यातील या वादात महाराष्ट्राला गोठवणीमुळे विशेष लाभ झाला नाही वा हानीही झाली नाही.

राज्याच्या आत मात्र चित्र वेगळे आहे. गोठवण राज्याराज्यांतील वाटणीपुरती होती. सत्त्याऐंशीव्या दुरुस्तीने (२००३) राज्यांतर्गत मतदारसंघांची फेररचना २००१ च्या जनगणनेवर करण्याची तरतूद केली. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १९७१ मध्ये २२,५३,८४० होती. राज्याच्या लोकसंख्येत तिचा वाटा सु. ४·४७ टक्के होता व २८८ जागांत त्याचा हिशेब १३ जागांचा होत असे. जिल्ह्यात तेवढेच मतदारसंघ होते. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ३८,४९,५४३ झाली. तथापि मुंबई, ठाणे व पुणे या परिसरांची वाढ अधिक वेगाने झाल्यामुळे तिचा राज्यातील वाटा सु. ३·९७ टक्क्यांवर आला. २००८ च्या फेररचनेत जिल्ह्यास ११ जागा मिळाल्या. मंगळवेढा, उत्तर सोलापूर व सोलापूर शहर दक्षिण हे मतदारसंघ जाऊन सोलापूर शहर मध्य हा नवा मतदारसंघ आला. लोकसभेसाठी या अकरांपैकी सहा मतदारसंघ सोलापूर, चार माढा व बार्शी हा एक उस्मानाबाद (पुढे धाराशिव) मतदारसंघाशी जोडण्यात आला.

याचा परिणाम राष्ट्रपतींच्या निवडणुकीतील वजनावरही झाला. जिल्ह्याच्या तेरा आमदारांची एकत्रित मते २,२७५ होत होती, ती अकरा आमदारांमुळे १,९२५ झाली. एका आमदाराचे १७५ हे मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून आलेले, तर आमदारांची अकरा ही संख्या २००१ च्या लोकसंख्येवरून आलेली आहे. त्यामुळे जिल्ह्याची लोकसंख्या १९७१ नंतर तीस वर्षांत सु. सोळा लाखांनी वाढली, तरी त्याचे वजन ३५० मतांनी घटले. मंद वाढीच्या राज्यांना राष्ट्रीय पातळीवर जे संरक्षण मिळाले, ते मंद वाढीच्या जिल्ह्यांना राज्यांतर्गत मिळाले नाही. गोठवण योग्य मानावी, तर तिचे तत्त्व जिल्ह्यांना का लागू नाही. आणि फेररचना योग्य मानावी, तर ती राज्यांमध्ये का टाळावी, हा प्रश्न यातून निर्माण होतो. नागरिकांची समता प्रथम मानणाऱ्यांच्या मते जिल्हा हा संघराज्याचा घटक नसल्याने त्यास असे संरक्षण देणे युक्त नाही. जिल्ह्यातून रोजगारासाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांचे मत त्यांच्या नव्या वस्तीच्या ठिकाणी मोजले जाते, असेही या संदर्भात म्हणता येते.

वस्तू व सेवा कर परिषद : एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने (२०१६) स्थापन झालेल्या या परिषदेत मतभाराची आणखी एक पद्धत आली (अनुच्छेद २७९ क). केंद्राच्या मताचे वजन एकूण मतांच्या एक-तृतीयांश व सर्व राज्यांच्या मतांचे मिळून दोन-तृतीयांश असते. निर्णयास तीन-चतुर्थांश भारित बहुमत लागते. राज्यांमध्ये लोकसंख्येचा भेद केलेला नाही. विधानसभा असलेले तीन केंद्रशासित प्रदेश धरून एकतीस सभासद उपस्थित असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास सु. २·१५ टक्के वजन येते. या हिशेबाने केंद्र एकटेच कोणताही ठराव अडवू शकते. राज्यांना तो अडविण्यासाठी बारा जणांची एकजूट करावी लागते. चादरी व टॉवेल यांच्या उत्पादनावर अवलंबून असलेल्या सोलापूरसारख्या शहराच्या दृष्टीने कापडावरील कराचा दर महत्त्वाचा आहे. तो ठरविताना महाराष्ट्राचे मत सिक्कीमच्या मताएवढेच असते. परिषदेचे निर्णय बहुधा सहमतीने होत आले. पहिले प्रत्यक्ष मतदान डिसेंबर २०१९ मध्ये लॉटरीवरील कराच्या प्रश्नावर झाले. परिषदेच्या शिफारशी केंद्र व राज्ये यांच्यावर बंधनकारक नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला.

भार व प्रभाव : अधिक मते म्हणजे त्याच प्रमाणात अधिक प्रभाव, असा समज सामान्यतः आढळतो, तो बरोबर नाही. १९५८ मध्ये सुरू झालेल्या युरोपीय आर्थिक समूहाच्या मंत्रिमंडळात फ्रान्स, प. जर्मनी व इटली यांना प्रत्येकी चार, बेल्जियम व नेदर्लंड्स यांना प्रत्येकी दोन आणि लक्झेंबर्गला एक मत होते. आयोगाच्या प्रस्तावास मंजुरीसाठी सतरापैकी बारा मते लागत. लक्झेंबर्ग वगळता इतरांची मते सम संख्येत असल्याने त्यांची बेरीज कधीही अकरा होत नसे. साहजिकच अशा प्रस्तावांवर लक्झेंबर्गच्या मताने निर्णय फिरण्याचा संभव नव्हता. लोकसंख्येच्या मानाने त्या देशास फार मोठे वजन मिळाल्याचे दिसे, परंतु त्याचा प्रभाव शून्य होता. ब्रिटिश शास्त्रज्ञ लायनेल पेनरोज यांनी १९४६ मध्ये या प्रश्नाचे गणिती विवेचन केले. मतदारसंख्या वाढते तशी एका मताने निकाल फिरण्याची शक्यता घटते, पण ती संख्येच्या नव्हे, तर संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणून राज्यांच्या प्रतिनिधींना लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वजन दिल्यास सर्व नागरिकांचा अप्रत्यक्ष प्रभाव समान होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रत्येक मतदार स्वतंत्रपणे निर्णय घेतो हे त्यातील गृहीत आहे. पक्ष, प्रदेश व भाषा यांच्या आधारे होणाऱ्या मतदानास ते पूर्णपणे लागू पडत नाही. २००७ मध्ये पोलंडने युरोपीय संघासाठी या पद्धतीचा आग्रह धरला, पण तो मान्य झाला नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून तेथे ५५ टक्के सभासद राज्ये व ६५ टक्के लोकसंख्या असे दुहेरी बहुमत लागू झाले.

मूल्यमापन : महाराष्ट्र व गोवा या शेजारी राज्यांची तुलना केल्यास भारतीय संविधानातील विविध मापे एकत्र दिसतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या गोव्याच्या सु. ७७ पट होती. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत दोन्ही राज्यांच्या आमदारांच्या एकूण मतांचे प्रमाण ६३ : १, लोकसभेत २४ : १ व राज्यसभेत १९ : १ आहे; पेनरोज यांच्या सूत्राने ते सु. ९ : १ झाले असते. वस्तू व सेवा कर परिषदेत, तसेच घटनादुरुस्तीस निम्म्या राज्यांची संमती आवश्यक असते तेव्हा (अनुच्छेद ३६८), ते १ : १ आहे. यांपैकी एकच प्रमाण न्याय्य व बाकीची अन्याय्य, असे म्हणता येत नाही. कायदे करणे, राष्ट्रप्रमुख निवडणे व करांचे दर ठरविणे ही कार्ये भिन्न असल्याने त्यांची मापेही भिन्न असू शकतात. मात्र एकाच हिशेबात दोन वेगवेगळ्या काळांची शिरगणती मिसळली, तर काय घडते हे सोलापूर जिल्ह्याच्या उदाहरणावरून दिसते. सूत्र लोकसंख्येवर आधारलेले असले, तरी लोकसंख्या कोणत्या दिवसाची हे ठरविणे हा राजकीय निर्णय असतो. संस्थानी काळात मोजलेल्या प्रजेच्या वतीने संस्थानिक मत देत. प्रौढ मताधिकाराने तो दोष दूर झाला. राज्यांचे वजन कोणत्या शिरगणतीवर ठरवावे आणि जन्मदर रोखणाऱ्या प्रदेशांना त्यासाठी कितपत संरक्षण द्यावे, हा वाद मात्र अनिर्णित राहिला आहे.